उभ्या डोंगराला आडवा कॅमेरा

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दोन जमाती दाटीवाटीने नांदताना दिसतात. पहिलीच्या गळ्यात कॅमेरा. तो आडवाच धरला जातो, कारण कंपनीने तो तसा धरायलाच बनवलाय. दुसरीच्या हातात मोबाइल. तो उभाच धरला जातो, कारण एका हातात तो तसाच मावतो आणि दुसऱ्या हातात कांदाभजी असतात. पहिली जमात दुसरीवर ओरडते, ‘अरे, आडवा धर! निसर्ग आहे तो, पासपोर्टचा फोटो नाही.’ दुसरी म्हणते, ‘काका, आडवा काढला की स्टेटसला एवढुस्सा दिसतो हो.’

कड्याला कुणीच काही विचारत नाही.

खरं तर पहिला मान त्याचा. हा कडा नागाच्या फण्यासारखा आत वळलेला. काठावर पालथं पडून खाली पाहिलं तर पोटाखालचा खडक दिसतच नाही, थेट खालचं कोकण दिसतं. इथली सगळी गंमत वरून खाली आहे. डावीकडे काय आणि उजवीकडे काय, यात त्या कड्याला फारसा रस नाही. तरीही गेली कित्येक वर्षं कॅलेंडरांवर, पर्यटनाच्या पत्रकांवर आणि ट्रेकर मंडळींच्या घरातल्या भिंतींवर तो बहुतेक वेळा आडवा पडलेला आहे. आणि आता मोबाइल आल्यावर तो उभा झाला, तर सोबत समुद्र, माळरान, धरणाचं पाणी आणि पठारही उभं झालं. माझी तक्रार एवढीच की या दोन्ही काळांत कुणी काही ठरवलेलं नाही. आधी यंत्र आडवं होतं म्हणून देश आडवा होता, आता यंत्र उभं आहे म्हणून देश उभा आहे.

आडवेपणाचं मूळ शोधायला फार लांब जायला नको. शाळेतली चित्रकलेची वही काढा. ती मुळात आडवी शिवलेली. त्यात निसर्गचित्र म्हणजे दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध पट्टी लावून काढलेल्या किरणांचा सूर्य, डोंगरातून निघून थेट वहीच्या काठापर्यंत रुंद होत येणारी नदी, कौलारू घर आणि आडव्या पडलेल्या तीनच्या आकड्यासारखे पक्षी. शिवाय एक नारळ. मुलगा मालवणचा असो नाहीतर लातूरचा, नारळ असतोच. या चित्रातला सूर्य कायम दोन डोंगरांच्या मधूनच उगवतो, कारण त्याला उगवायला कागदाने तेवढीच जागा ठेवली आहे. एलिमेंटरीला ज्यांना या चित्रावर बरी ग्रेड मिळाली, त्यांनी पुढे कॅमेरे घेतले. आता ते पॉइंटवर पोहोचले की आधी दोन डोंगर शोधतात, मग त्यांच्या मधली जागा, आणि सूर्य तिथे नसेल तर म्हणतात, ‘लाइट नाही आज.’

कॅमेऱ्याचं आडवेपण त्याहून मजेदार आहे, कारण त्यात निसर्गाचा काडीचाही संबंध नाही. 1925 मध्ये लायका नावाचा छोटा कॅमेरा बाजारात आला. तो घडवणाऱ्या ऑस्कर बारनॅकने सिनेमाची 35 मिलिमीटरची फिल्म उचलली. सिनेमाच्या कॅमेऱ्यात ती वरून खाली धावते आणि प्रत्येक चौकट 18 बाय 24 मिलिमीटरची पडते. बारनॅकने फिल्म आडवी धावायला लावली आणि दोन चौकटींची जागा एका फोटोला देऊन टाकली. झाली 24 बाय 36. छोट्या फिल्मवर जरा मोठा फोटो मिळावा, इतकाच हिशोब. पुढे जगभरच्या कॅमेऱ्यांनी हे माप आणि हे आडवेपण मुकाट स्वीकारलं, आणि एका इंजिनिअरच्या हिशोबापुढे हिमालयापासून सह्याद्रीपर्यंत सगळ्यांनी लोटांगण घातलं.

मध्येच एकदा चौकट उभीही झाली होती. 1959 मध्ये ऑलिंपसने ‘पेन’ नावाचा कॅमेरा काढला. फिल्म तीच, चौकट मात्र पुन्हा 18 बाय 24. सरळ हातात धरला की फोटो उभा पडायचा. छत्तिसांच्या रोलमध्ये बहात्तर फोटो बसायचे आणि लोकांनी तो त्यासाठी घेतला. काटकसर म्हणून. उभा फोटो सोबत फुकट आला. मग 2024 मध्ये पेंटॅक्सने ‘17’ नावाचा फिल्मचाच नवा कॅमेरा आणला, त्यातही अर्धी चौकट, त्यातही फोटो उभा. या वेळी कारण काय, तर मोबाइलमुळे पोरांच्या हाताला उभ्याची सवय झाली आहे. म्हणजे काटकसरीतून सवयीपर्यंतचा प्रवास झाला, निवडीचं स्टेशन काही लागलं नाही.

एका यंत्राने तेवढा मान राखला होता. 1970 मध्ये आलेला मामियाचा आरबी 67. त्याची पाठ फिरायची. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, मागचा फिल्मचा डबा वळवला की आडव्याचा उभा फोटो. दर फोटोआधी हे यंत्र जणू नम्रपणे विचारायचं, ‘साहेब, कसा घ्यायचा?’ वजन मात्र असं, की उत्तर देईपर्यंत खांदा बोलायला लागायचा.

आडव्यांच्या पक्षात एक शास्त्रोक्त वकील नेहमी असतो. तो म्हणतो, माणसाचे डोळेच शेजारीशेजारी आहेत, त्यामुळे आपल्याला आडवं जास्त दिसतं. आकडेही देतो: दोन्ही डोळे मिळून साधारण 200 अंश रुंद आणि 130 अंश उंच. आकडे बरोबर आहेत. पण या वकिलाने मान नावाचा अवयव खटल्यातून वगळला आहे. लिंगाण्याच्या पायथ्याशी उभं राहा. डोळे कितीही आडवे असोत, मान मागे जाते, तोंड उघडं पडतं आणि डोक्यावरची टोपी खाली पडते. फोटो कसा काढायचा याची माझ्या माहितीतली सगळ्यात स्वस्त चाचणी हीच: टोपी पडली की कॅमेरा उभा करा. जिथे टोपी पडत नाही, पण माणूस शेतात हरवलेलं ढोर शोधल्यासारखा डावीउजवीकडे बघत राहतो, तिथे आडवा. अलंग, मदन आणि कुलंग रांगेत उभे आहेत, तिथे आडवा. जीवधनाशेजारचा वानरलिंगीचा सुळका एकटाच उभा आहे, तिथे उभा. एवढं साधं आहे हे. पण टोपीची किंमत पन्नास रुपये असल्यामुळे कार्यशाळांमध्ये हे शिकवत नाहीत.

सह्याद्रीच्या बाबतीत तर एक वेगळाच तिढा आहे. हा उभा दिसणारा डोंगर मुळात आडवा रचलेला आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे भेगांमधून लाव्हा वाहिला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा वाहिला, पसरला, थिजला. असे थरांवर थर. मग पावसाने आणि नद्यांनी हा ढीग कापायला घेतला आणि कडे उघडे पडले. आज पावसाळ्यात समोरच्या कड्याकडे पाहिलं तर काळा कातळ, मग गवताची हिरवी पट्टी, पुन्हा काळा, पुन्हा हिरवी, असे मजले दिसतात. आडव्या फोटोत यातले दोन-तीन मजले येतात आणि डोंगर म्हणजे नुसती पट्ट्यापट्ट्यांची चादर होते. उभ्या फोटोत पायथ्याच्या झाडीपासून माथ्याच्या सपाटीपर्यंत सगळे थर एकावर एक येतात आणि पाहणाऱ्याला न सांगता कळतं की हे कुणीतरी फार वेळ घेऊन रचलंय. आडवे थर पाहायला उभी चौकट लागते. हे विचित्र आहे, पण तसंच आहे.

चिनी चित्रकारांना हे हजार वर्षांपूर्वी उमगलं होतं आणि त्यांच्याकडे कॅमेरे नसल्यामुळे त्यांची दिशाभूल करायला कुणी नव्हतं. फान क्वान या चित्रकाराचं डोंगर आणि झऱ्यांमधून जाणाऱ्या वाटसरूंचं चित्र तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. इसवी सन 1000च्या आसपासचं. उंची दोन मीटरहून थोडी जास्त, रुंदी तिच्या निम्मी. त्यातला वरचा बहुतेक भाग एकच अजस्र डोंगर व्यापतो. त्याच्या घळीतून धाग्याएवढा बारीक धबधबा. मध्ये धुकं. आणि अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात, शोधूनच सापडतील असे ओझ्याची जनावरं हाकणारे वाटसरू. चित्राचं नाव त्या वाटसरूंवरून आहे आणि चित्रकाराने त्यांना मुंगीएवढं ठेवलंय. आपल्याकडे कुणी हा फोटो काढला असता तर वाटसरू मधोमध, हात पसरून, पाठमोरे उभे असते आणि डोंगर त्यांच्या दोन काखांमधून डोकावला असता.

त्यानंतरच्या पिढीतल्या क्वो शी या चित्रकाराने डोंगर बघण्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या होत्या. पायथ्याशी राहून माथ्याकडे बघणं, डोंगराच्या पुढून त्याच्या पाठीमागे डोकावणं, आणि जवळच्या डोंगरावरून दूरच्या डोंगरांकडे बघणं. त्याच्या मुलाने ते लिहून ठेवलं म्हणून आपल्याला माहीत. यातल्या तिसऱ्या तऱ्हेला आडवं मोकळं क्षितिज मानवतं. पहिल्या दोन तऱ्हांना उंची हवी. आणि आपण पॉइंटवर जाऊन बहुतेक वेळा फक्त तिसरी करतो, कारण पार्किंग तिथे असतं.

जपान्यांनी तर एकाच माणसाच्या हातून दोन्ही करून दाखवलं. होकुसाईची फुजी पर्वताची प्रसिद्ध ठसेचित्रं आडवी आहेत. त्याच सुमारास, 1833च्या आसपास, त्याने निरनिराळ्या प्रांतांतल्या धबधब्यांची आठ चित्रं केली. ती सगळी उभी. फुजीचे उतार दोन्ही बाजूंना लांबवर पसरत जातात, त्यांना रुंदी पाहिजे. पाणी पडतं, त्याला उंची पाहिजे. माणूस तोच, हात तोच, कागद मात्र दोनदा विचार करून धरलेला.

आणि हिरोशिगे. त्याने 1856 पासून एडो शहराच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, देखाव्यांची मोठी मालिका केली, ती पूर्ण उभी. उभ्या चौकटीत खालच्या भागाचं करायचं काय, हा प्रश्न त्याच्यापुढेही होताच. त्याने तिथे काहीतरी अगदी जवळचं, भलंमोठं आणि चौकटीने अर्धवट कापलेलं ठेवायला सुरुवात केली. कधी झाडाची फांदी, कधी कागदी मासा. एका चित्रात तर घोड्याचा पार्श्वभाग आहे. शेजारी लीदही आहे. त्या घोड्याच्या पायांमधून मागचा रस्ता दिसतो. याच मालिकेतली दोन चित्रं पुढे 1887 मध्ये व्हॅन गॉगने रंगात उतरवली. घोड्याचं नाही उतरवलं, पण ते जाऊ द्या.

आजच्या मंडळींना या खालच्या जागेचं नाव पाठ आहे: फोरग्राउंड. ‘फोरग्राउंड पाहिजे’ म्हणत ती ओढ्याकाठी फिरतात आणि शेवटी शेवाळलेला दगड सापडतो. मग प्रत्येक फोटोत खाली दगड, मध्ये पाणी, वर डोंगर. नदी वेगळी, जिल्हा वेगळा, दगड मात्र घरून आणल्यासारखा एकच. हिरोशिगेला घोड्याचं ढुंगण दिसलं, कारण तो रस्त्यात काय आहे ते बघत होता. यांना दगड दिसतो, कारण तो व्हिडिओत सांगितलेला असतो.

तरीही खालच्या जागेचा मुद्दा खरा आहे, म्हणून थोडं कामाचं बोलू. 24 मिलिमीटरची लेन्स पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर आडवी धरली तर रुंदीत साधारण 74 अंश दिसतं आणि उंचीत 53. कॅमेरा उभा केला की उंचीत 74. एकवीस अंश फुकट, खर्च मनगट वळवण्याचा. एवढ्या उंचीत पायाजवळचं तेरड्याचं फूलही येतं आणि पलीकडच्या डोंगराचा माथाही. दोन्ही स्पष्ट हवेत तर एफ 11 ठेवा आणि पावणेदोन मीटरवर फोकस करा. साधारण 90 सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं नीट येतं. वारा नसेल तर. सह्याद्रीत वारा नाही असं कधी होत नाही, त्यामुळे फूल हलणार. शटर वेगवान ठेवा, आयएसओ वाढवा, आणि फोटो शंभर टक्के झूम करून बघणाऱ्या मित्रांना ब्लॉक करा.

पण रुंद लेन्सचा एक डाव आहे. ती जवळचं फुगवते आणि दूरचं आवळते. पायातलं फूल भोपळ्याएवढं होतं आणि मागचा डोंगर, ज्याच्यासाठी पहाटे तीनला घर सोडलं, तो उंदरासारखा कोपऱ्यात बसतो. मग उंची दाखवायला म्हणून घेतलेल्या उभ्या फोटोत सगळ्यात ठेंगणा असतो तो डोंगर. उपाय पायांत आहे. लांब जा आणि 70-200ची लेन्स लावून उभा फोटो घ्या. गावाची कौलं खाली येतात आणि कडा त्यांच्या उरावर चढून बसतो, जसा गावातल्या माणसाला रोज दिसतो तसा. पण लांब जायचं म्हणजे पॉइंट सोडायचा. पॉइंटला रेलिंग असतं, चहा असतो, मित्र असतात. लांब नुसतं शेत असतं आणि चिखल.

आणखी एक सांगतो. उंच झाडं उभ्या फोटोत घ्यायला कॅमेरा वर केला की नारळ-पोफळी आतल्या बाजूला झुकतात. कोकणातल्या वाड्यांचे फोटो बघा, सगळ्या माडांनी एकमेकांच्या कानात कुजबुज चालवलेली. कॅमेरा सरळ ठेवून मागे सरकायचं, जास्तीची जमीन नंतर कापायची. जास्तीची जमीन कापायची म्हटल्यावर कोकणात लोक दचकतात, ते वेगळं.

ट्रायपॉडवर कॅमेरा उभा करणं ही तर सर्कस आहे. बॉलहेडच्या खाचेत कॅमेरा कुशीवर पाडायचा, तो एका बाजूला लटकतो, तोल जातो, क्षितिज वाकडं होतं, पुन्हा सगळं जुळवायचं. यावर उपाय म्हणून एल-ब्रॅकेट नावाचा धातूचा काटकोन मिळतो. तो लावला की कॅमेरा क्षणात उभा. पैसे असणाऱ्या प्रत्येकाकडे आज तो असतो. कॅमेऱ्याला तो कायमचा बसवलेला असतो आणि कॅमेरा कायमचा आडवा असतो.

एका गोष्टीची मात्र मला मनापासून गंमत वाटते. डोंगररांगेचा लांबलचक पॅनोरामा, म्हणजे आडव्यातला आडवा फोटो, जाणकार माणूस कॅमेरा उभा धरून काढतो. उभे फोटो शेजारीशेजारी घ्यायचे, प्रत्येकात आधीच्याचा थोडा भाग ठेवायचा आणि नंतर जोडायचे. म्हणजे उंचीही पुरते आणि जोडताना वरचं-खालचं कापायला जागा उरते. भिंतीवरच्या त्या आठ फुटी आडव्या फोटोखाली उभं राहून ‘निसर्ग आडवाच’ असं ठासून सांगणाऱ्याला हे सांगू नका. त्याचं मन मोडेल.

निवड म्हणजे काय ते बघायचं असेल तर 10 एप्रिल 1927. अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स नावाचा 25 वर्षांचा तरुण लाकडी कॅमेरा, काचेच्या प्लेटा आणि मित्रमंडळी घेऊन बर्फातून चढला. समोर हाफ डोमचा सरळसोट कडा. एक प्लेट पिवळा फिल्टर लावून झाली. मग त्याच्या लक्षात आलं की या फोटोत आकाश फिकं येणार आणि आपल्याला आत जे जाणवतंय ते येणार नाही. त्याने गडद लाल फिल्टर लावला आणि उरलेल्या प्लेटवर फोटो घेतला. आकाश जवळजवळ काळं, कडा उजळ, आणि चौकट उभी. ‘मोनोलिथ’ या नावाने तो फोटो जगभर गाजला. हाफ डोमच्या डावी-उजवीकडे बघण्यासारखं पुष्कळ आहे. ते त्याने सरळ सोडलं. पाठीवर काचा वाहून नेल्या की माणूस सोडायला शिकतो. आपल्या कार्डात चार हजार फोटो बसतात, त्यामुळे आपण काहीच सोडत नाही, घरी येऊन बघू म्हणतो आणि घरी आल्यावर जेवतो.

आता मोबाइलवाल्यांकडे वळू, नाहीतर ते म्हणतील, सदर आमच्या बाजूचं आहे. नाही बाबांनो.

तुम्ही उभं धरता ते तुम्हाला उंची दिसली म्हणून नव्हे. इन्स्टाग्राम 2010 मध्ये आलं तेव्हा तिथे सगळं चौकोनी होतं, आणि तुमच्याच थोरल्या भावाने रायगड चौकोनात कोंबला होता. 2015 मध्ये उभ्या-आडव्याला परवानगी मिळाली. मग टिकटॉकवर बंदी आली, 2020च्या जुलैत रील्स आल्या आणि 9 बाय 16ची उभी फळी सगळ्यांच्या हातात पडली. 2025च्या सुरुवातीला प्रोफाइलवरचे चौकोनही उभे झाले. दर खेपेला कंपनीने चौकट बदलली आणि दर खेपेला महाराष्ट्राचा भूगोल नव्याने कापला गेला. 2022 मध्ये आलेल्या एका छोट्या ड्रोनचा कॅमेरा उभ्या फोटोसाठी आपली मान वळवतो. यंत्राला मान आली. माणसाची मात्र स्क्रीनमध्ये खाली.

म्हणून गणपतीपुळ्याचा समुद्र उभा. खाली वाळू, वर आभाळ, मध्ये बोटभर पाणी. कासच्या पठारावर मैलभर पसरलेली फुलं सोडून एका फुलाचा उभा फोटो, आणि त्या एका फुलासाठी शंभर फुलांवर पालथे पडलेले एक साहेब. पंढरपूरचं वाळवंट उभं. परभणीकडची ती लांबच लांब काळी रानं, ज्यांचं सगळं सौंदर्य ती संपत नाहीत यात आहे, ती दोन्ही बाजूंनी कापून गल्लीएवढी केलेली.

उलट जिथे उभी चौकट हक्काने हवी, तिथे हीच मंडळी मधोमध येऊन उभी राहतात. साम्रदच्या सांदण दरीत दोन्ही कातळभिंती इतक्या जवळ येतात की वर आभाळाची फक्त पट्टी उरते. ती पट्टी आणि खालचं पाणी यांच्या मधली उंची म्हणजेच सांदण. रीलमध्ये आभाळाच्या जागी मजकूर असतो, पाण्याच्या जागी लाइकची बटणं, आणि मध्ये गॉगल. नाणेघाटात पावसाळ्यात वारा असा येतो की कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडतं. पडणं आणि परतणं दोन्ही दिसायला खाली-वर मोकळी जागा ठेवायला हवी. ती ठेवतो कोण? सगळे पाण्यात भिजून ‘वॉव’ म्हणत असतात आणि काठाकडे पाठ करून एक एक पाऊल मागे जात असतात. इथे मात्र विनोद पुरे. मागे बघा.

दूधसागर घ्या. साधारण 310 मीटरचं पाणी चार टप्प्यांत पडतं आणि मधूनच रेल्वेचा पूल जातो. आडव्या फोटोत गाडी पूर्ण येते आणि पाण्याचं डोकं-पाय कापले जातात. तो गाडीचा फोटो होतो, मागे कुठेतरी नळ फुटलाय असा. उभ्यात गाडी एक छोटी रेघ होते आणि त्या रेघेमुळे पाणी केवढं आहे ते कळतं. डबे आपल्या ओळखीचे असतात, त्यात आपण झोपलेलो असतो, म्हणून त्यांच्यावरून पाणी मोजता येतं. 2023च्या जुलैत रुळांवरून धबधब्याकडे निघालेल्या पर्यटकांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. उभं-आडवं यातला फरक अंगवळणी पाडण्याचा हा एकमेव सरकारी उपक्रम.

या सगळ्यात वृत्तवाहिन्यांचं दुःख कुणी विचारात घेत नाही. पूर आला, दरड कोसळली, धबधबा फुगला की प्रेक्षक उभा व्हिडिओ पाठवतो. पडदा आडवा. मग मध्ये उभा व्हिडिओ आणि दोन्ही बाजूंना तोच व्हिडिओ, फुगवून, धुरकट करून. घाटात एकच दरड कोसळते, पण पडद्यावर तीन: एक स्पष्ट, दोन अस्पष्ट. त्यावर लाल गोल आणि बाण. सॅमसंगने 2019 मध्ये उभा होणारा टीव्ही काढला होता. आपल्या वाहिन्यांनी तो घेतला असता तर खालच्या धावत्या पट्ट्यांना जागा कुठून आणायची, हा प्रश्न आला असता.

उभ्या फोटोला आजवर खरा आश्रय दिला तो संपादकांनी. मासिकाचं मुखपृष्ठ उभं, दिवाळी अंक उभा. ‘एक व्हर्टिकल मारून ठेव, कव्हरला लागेल, आणि वर आभाळ मोकळं सोड, नाव टाकायचंय.’ आभाळाचा हा उपयोग कुठल्याही कवीला सुचला नसता. पण त्या मोकळ्या आभाळाच्या सक्तीने कितीतरी फोटोग्राफर कॅमेरा वळवायला शिकले, हेही खरं. आता अंकांवर चेहरेच जास्त असतात, त्यामुळे आभाळाची मागणी घटली आहे.

उरला घरात लावायचा फोटो. मोठ्या प्रिंट करून विकणारा एक ओळखीचा फोटोग्राफर आहे. त्याचं दुःख वेगळंच. कोकणकड्याचा त्याने काढलेला उभा फोटो फार देखणा आहे. माथ्यावरचं गवत वाऱ्याने झुकलेलं, मग काळ्या कातळाचा तो पोटात वळलेला फणा, मग ढगांचा थर, आणि ढग फाटलेत तिथून अगदी खाली कोकणातली भातखाचरं. प्रदर्शनात एक जोडपं त्यापुढे थांबलं. बाईंनी पुष्कळ वेळ पाहिलं. मग विचारलं, ‘यातला आडवा नाही का? सोफ्याच्या वर लावायचाय.’

‘कडा उभा आहे, बाई.’

‘हो, पण सोफा पाच फुटी आहे.’

त्याने वाद घातला नाही. त्या महिन्याचं घरभाडं बाकी होतं. वरचं गवत कापलं, खालचं कोकण कापलं, ढगही कापले आणि पाच बाय दोन फुटांची काळ्या दगडाची उत्तम, महागडी प्रिंट पोहोचती केली. ती सोफ्यावर अगदी मापात बसली आहे. घरी येणारे पाहुणे खाली बसतात, वर बघतात आणि विचारतात, ‘ओल आलीय का हो इथे?’